ससाणा, बहिरी

२ मार्च २०२५, रविवार

विजेची लाइन मोकळी करायला माणसं आली होती. कोंडाजींच्या बांधावरच्या निलगिरीची फांदी तोडली. फांदीबरोबर घरटं खाली आलं. घरट्यात तार, सुतळी, कुणाचा तरी मोजा आणि एक पिल्लू. जिवंत.

कोंडाजी शेजारी. माझा प्लॉट त्यांच्या वडिलांनी विकलेल्या जमिनीतला, त्यामुळे ते अजून अधूनमधून येऊन माझा बांध तपासतात. पिल्लू त्यांनी टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून माझ्या ओट्यावर ठेवलं. म्हणाले, आमाला काय करायचंय ह्याचं, तुमाला येळ हाय.

वेळ आहे हे खरं. कंपनी सोडली त्याला चार महिने झाले. (सोडली. काढलं नाही. ईमेलमध्ये 'म्युच्युअल' असा शब्द आहे.) मेधाला सांगितलंय की सहा महिने मुळशीत राहीन, डोकं शांत करीन, मग ठरवीन. ती आणि दिशा बावधनला. ठीक चाललंय.

पिल्लाची चोच आकड्यासारखी. डोळे काळे. फोनवर चित्रं पाहिली. बहिरी ससाणा. शंका नाही.

३ मार्च

बहिरी या शब्दाचा कानाशी काही संबंध नाही. फारसीतून आलेला शब्द. जगातला सर्वांत वेगवान पक्षी. राजेरजवाडे मनगटावर घेऊन बसत. दुबईत आजही ससाण्याला पासपोर्ट मिळतो, विमानात सीट मिळते.

ठरलं. तिला (मादी असावी, नजर तशी आहे) शिकवायचं. तीन महिन्यांत ताम्हिणीच्या कड्यावरून उडवायची, शिटी मारली की परत मनगटावर. आपल्याकडे ही विद्या लुप्त झाली आहे. कुणीतरी सुरुवात केली पाहिजे.

कोंडाजींच्या मिसेस, तुळजाबाई, दूध द्यायला आल्या होत्या. क्रेटमध्ये डोकावून म्हणाल्या की ही घार हाय. मी त्यांना बहिरी ससाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कोंबडी पाळा सायेब, अंडी तरी देती.

५ मार्च

दिशाचा फोन. लॉच्या सेकंड इयरला आहे. म्हणाली, बाबा, जंगली पक्षी पाळता येत नाही, सरकारची मालमत्ता असते, ताब्यात आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत कळवावं लागतं.

अठ्ठेचाळीस तास उलटून गेलेत. पण ताबा कधी मिळाला हा मुद्दा आहे. पिल्लू क्रेटमध्ये आहे आणि क्रेट कोंडाजींचं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ताबा त्यांचा.

संध्याकाळी क्रेट परत मागायला कोंडाजी आले. पिल्लू आता लॉन्ड्री बास्केटमध्ये.

९ मार्च, रविवार

आमच्या बावधनच्या सोसायटीतल्या दादासाहेबांकडे मकाव पोपट आहे. सरकारी साइटवर रजिस्टर केलेला, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्यांना चालतं, मला का नाही. दिशाला विचारलं. ती म्हणाली, ते परदेशी पक्ष्यांसाठी आहे, इथल्या पक्ष्यांना कुणी पाळूच शकत नाही, रजिस्ट्रेशनचा प्रश्न येत नाही.

वाचलं. बहिरी ससाणे थंडीत दूर उत्तरेतूनही येतात. म्हणजे एका अर्थी परदेशीच. दिशाला हे लक्षात आलेलं नाही. पुस्तकी अभ्यास.

११ मार्च

पौडला साहिलच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, सातबारा, पॅन, सगळे ऑनलाइन अर्ज. प्लॉटवर नेटवर्क नसतं म्हणून. नाहीतर वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला अर्ज भरायला दुकान कशाला लागतं. वनखात्याला कळवायचा अर्ज. मी सांगत गेलो, साहिल टाइप करत गेला. हेतू या रकान्यात मी 'प्राचीन शिकारविद्येचं पुनरुज्जीवन' असं सांगितलं. साहिल थांबला. म्हणाला, सर, शिकार शब्द नको, आत टाकतील. त्यानं 'जखमी पक्ष्याची काळजी' असं टाकलं. व्यवहारी मुलगा.

प्रिंट हातात आल्यावर पाहिलं. पक्ष्याचं नाव: ससाणा. पुढचा रकाना, पक्ष्याची स्थिती: बहिरी.

मी म्हणालो की ते नाव आहे. साहिल म्हणाला, मला वाटलं तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या. दुसरा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही. आणि आता सबमिट झालंय.

टायपिंगची चूक. किरकोळ. दुरुस्ती करता येईल.

१४ मार्च, धुळवड

पिरंगुटहून वेल्डिंगचा हातमोजा आणला. चामड्याचा, कोपरापर्यंत. पायातले पट्टे जुन्या लॅपटॉप बॅगेच्या बंदातून कापले. बॅगेवर कंपनीचा लोगो होता, तो भाग फेकला.

नाव ठेवलं: वीरांगना. कोंडाजी इरांगना म्हणतात.

खिमा आवडतो तिला.

१७ मार्च

काही नाही.

२० मार्च

आज शिटीवर आली. ओट्याच्या कठड्यावरून हातमोज्यावर, हातभर अंतर, पंख फडफडवत, पण आली. मी हात स्थिर ठेवला होता. तिचं वजन लागलं मनगटाला. बराच वेळ तसाच बसून होतो.

दोन घारी सकाळपासून घरावर घिरट्या घालतायत. ओरडतात. ससाणा दिसल्यावर इतर शिकारी पक्षी बिथरतात असं वाचलंय. त्यांना तिचं तेज जाणवत असावं.

२३ मार्च

घारी आजही. खालपर्यंत येतात. एकीनं ओट्यावर उंदीर टाकला, मेलेला. हल्ला करायचा विचार असावा. काठी घेऊन हाकलल्या.

२६ मार्च, बुधवार

वनखात्याच्या रेश्मा मॅडम आल्या. वनरक्षक. तिशीच्या असतील, स्कूटीवर, हेल्मेटखाली स्कार्फ. आदल्या दिवशी फोन आला होता म्हणून पायातले पट्टे काढून खिशात ठेवले होते. मी ओट्यावर खुर्ची मांडून बसलो, वीरांगना हातमोज्यावर. छाप पडली असावी. त्यांनी आधी पाणी मागितलं.

पाणी पिऊन म्हणाल्या, ही तर घार आहे. मी त्यांना चोचीखालची मिशीसारखी काळी रेघ दाखवली. बहिरी ससाण्याची तीच खूण. त्यांनी रुमालाचं टोक ओलं करून रेघ पुसली. रेघ गेली. खिम्याचा डाग होता. वयात येताना पुन्हा उमटेल.

नाव काही असू द्या, त्या म्हणाल्या, नियम तोच. पाळायचं नाही, बांधायचं नाही, असं हातावर घेऊन बसायचं नाही. मी हातमोजा काढून खुर्चीखाली ठेवला.

मग त्यांनी अर्जाची प्रिंट काढली आणि विचारलं की बहिरी आहे हे कसं समजलं. मी सांगणार होतो. खरोखर सांगणार होतो. पण त्या तेवढ्यात वीरांगनेच्या मागे गेल्या आणि टाळी वाजवली. वीरांगना हलली नाही. माझ्या दुसऱ्या मुठीत खिमा होता, तिचं सगळं लक्ष मुठीकडे. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. स्कूटीची किल्ली खुळखुळवली. वीरांगना मुठीकडे बघत राहिली.

"खरंच की," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी वर पाहिलं. घारी होत्याच.

"हिला ऐकू येत असतं ना, तर आत्ता त्या झाडावर टोपली बांधून हिला आत ठेवली असती. आईबाप अजून येतायत. आठ दिवसांत घेऊन गेले असते."

मी मूठ उघडली नाही. खिमा तळहाताला चिकटला होता.

त्या म्हणाल्या, बहिरं पिल्लू आईबापांची हाक ओळखणार नाही, असं सोडता येत नाही. डॉक्टरांनी तपासायला हवं. पण रेस्क्यू सेंटर उन्हानं पडलेल्या पक्ष्यांनी भरलंय, मे उजाडेल. तोवर तात्पुरतं माझ्याकडे. हाताळायचं नाही, लांबून खायला घालायचं. सगळं त्यांनी कागदावर लिहिलं, माझी सही घेतली. जाताना त्यांचा नंबर दिला. काही बदल वाटला तर लगेच फोन करा, म्हणाल्या. उशीर झाला की पक्ष्याला माणसाची सवय लागते, मग काही करता येत नाही.

सही, शिक्का, तारीख. म्हणजे आज लायसन्स मिळालं.

२७ मार्च

विचार केला. मी खोटं बोललेलो नाही. अर्जात जे आहे ते साहिलनं लिहिलं. टाळी मॅडमनी वाजवली. मी त्या वेळी काहीच बोललो नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

मेधा आणि दिशा आल्या. श्रीखंड आणलं होतं. गुढी दिशानं उभारली. जेवण होईपर्यंत सगळं छान.

जेवणानंतर प्रात्यक्षिक दाखवलं. वीरांगना परसातल्या पेरूवर. मी ओट्यावरून शिटी मारली. सरळ आली, अजिबात न डगमगता, हातमोज्यावर. मेधा एक पाऊल मागे सरली. मी दिशाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवेल असं वाटलं होतं.

दिशा म्हणाली, ही बहिरी आहे असं तू परवा फोनवर सांगितलंस ना.

मग सगळं सांगावं लागलं. साहिल, रकाना, टाळी. झाडावरची टोपली सांगितली नसती तरी चाललं असतं, पण सांगितली. दोघी वर बघायला लागल्या. घारी होत्या.

दिशा म्हणाली, "बाबा, आत्ता फोन कर. आज."

मी समजावलं. आता बहिरी नाही म्हटलं तर प्रश्न येणार की मग ठेवली कशी. बहिरी आहे म्हणून मी काळजीवाहक. बहिरी नसेल तर मी जंगली पक्षी पाळणारा. केस. शिक्षा किती हे दिशानंच मागे सांगितलं होतं. आणि एप्रिलअखेर माझा इंटरव्ह्यू आहे, खराडीच्या कंपनीत. केस निघाली तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडेल. दिशा म्हणाली की स्वतःहून सांगणाऱ्यावर बहुतेक कुणी केस करत नाही. बहुतेक. सेकंड इयर.

मेधा भांडी आवरत होती. म्हणाली, "एका वाक्याचं काम आहे, दयानंद."

मी म्हणालो, उद्या करतो.

निघताना दिशानं माझ्या फोनमध्ये मॅडमचा नंबर सगळ्यात वर पिन करून दिला.

३१ मार्च, सोमवार

ईद. ऑफिस बंद. खालच्या रस्त्यावर महंमदभाईंचा ढाबा आहे, त्यांनी शीरखुर्मा पाठवला.

१ एप्रिल

आज फोन केला तर एप्रिल फूल वाटेल.

२ एप्रिल

नेटवर्क नाही. टेकाडावर जाऊन पाहिलं असतं, पण ऊन फार.

४ एप्रिल

टेकाडावर गेलो. फोन लागला. मॅडमनी दुसऱ्याच रिंगला उचलला. म्हणाल्या, बोला सर, काही बदल?

मी विचारलं की पाणी किती ठेवायचं.

त्यांनी सांगितलं. उथळ भांडं, सावलीत. मग विचारलं की आणखी काही. मी म्हणालो, नाही, एवढंच.

पाण्याचंही महत्त्वाचंच होतं.

६ एप्रिल

एक शास्त्रीय शक्यता. ती शिटी ऐकत नसेल, माझे ओठ बघत असेल. बहिरी माणसं तसं करतात. प्रयोग केला: दाराआड उभा राहून शिटी मारली. ती दारापाशी आली आणि दारावर चोच मारली.

दार पातळ आहे. कंप जाणवला असेल. म्हणजे बहिरी असण्याची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही. जोवर नाकारता येत नाही तोवर दुरुस्ती करणं हेच चुकीचं ठरेल.

हे आधीच सुचायला हवं होतं. हलकं वाटलं.

९ एप्रिल

घारी आल्या, सकाळी. एकच बहुधा. थोडा वेळ.

वीरांगना पेरूवर होती. तिनं आवाज काढला. बारीक, कापरा, तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी शिटी मारली. मान एकदा वर, एकदा माझ्याकडे. मग आली.

खिमा दुप्पट दिला.

१२ एप्रिल

आज घारी आल्या नाहीत. आकाश मोकळं. शांत.

१३ एप्रिल

आल्या नाहीत.

दिशाचा मेसेज: केलास का. उत्तर टाइप केलं, पाठवलं नाही. नेटवर्क होतं.

२० एप्रिल, रविवार

मोठा दिवस. पट्टे नाहीत, दोरी नाही, मोकळं उड्डाण. कडा लांब पडतो, म्हणून धरणाच्या पाण्याकाठचं मैदान. साक्षीदार म्हणून कोंडाजी आणि तुळजाबाईंना बोलावलं. कोंडाजींनी गॉगल घातला होता.

सोडली. काय उडाली. पाण्यावरून एक मोठं वळण, शेपूट इकडून तिकडे वळवत, वारा धरून वर. मी हात वर केला. शिटी मारली.

ती रस्त्याच्या दिशेनं गेली.

आम्ही तिला महंमदभाईंच्या ढाब्यावर गाठली. हिंजवडीची मुलं जेवत होती. ती त्यांच्या टेबलाच्या मधोमध बसून तंदुरीची तंगडी फोडत होती. कुणी ओरडलं नाही, सगळ्यांचे फोन वर. मी शिटी मारली. आली, माझ्या मनगटावर. टाळ्या पडल्या. मी वाकून त्या स्वीकारल्या. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या एकानं शिटी मारली. ती त्याच्याकडे गेली. मग त्याच्या मित्रानं मारली. त्याच्याकडे.

महंमदभाई गल्ला सोडून बाहेर आले होते. म्हणाले, "साहेब, रविवारी आणत जा हिला. मी वेगळा स्टूल ठेवतो."

परतताना तुळजाबाई म्हणाल्या की ही आता घार बी न्हाई ऱ्हायली. कोंडाजींनी त्यांना गप बस म्हटलं.

प्रयोग एकूण यशस्वी. दिशा थोडी चुकली. दिशा म्हणजे उड्डाणाची.

२६ एप्रिल

ढाब्यावरचं रील फिरतंय. दिशानं पाठवलं, सोबत काही लिहिलं नाही. त्यावर मोठ्या अक्षरांत: 'मुळशीची घार, शिटी मारा आणि बघा'. मी तीन सेकंद दिसतो. वाकलेला.

घार का म्हणतात सगळे.

२८ एप्रिल, सोमवार

खराडीचा इंटरव्ह्यू. सकाळी तयार होतो. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. गाडीत बसताना वीरांगना खांद्यावर येऊन बसली. मग शर्ट बदलावा लागला असता. दुसरा पांढरा बावधनला आहे.

मेधाला सांगितलं, चांदणी चौकात अडकलो. तिनं विचारलं, तू चांदणी चौकात आहेस तर मागे कोंबडा कसा ओरडतोय.

तिला फार बारीक ऐकू येतं.

१ मे

महाराष्ट्र दिन. ऑफिस बंद. उद्या नक्की.

२ मे

शुक्रवार. शुक्रवारी दुपारनंतर कुणी मनावर घेत नाही. सोमवारी.

५ मे, सोमवार

फोन करायला टेकाडावर निघालो होतो. खरंच निघालो होतो, चपला घातल्या होत्या. खालून वनखात्याची गाडी वर येताना दिसली.

रेश्मा मॅडम. बरोबर सेंटरचा एक माणूस, जाळीचा पिंजरा घेऊन. रील त्यांनी पाहिलं होतं. त्या ओट्याखाली उभ्या राहिल्या, वीरांगना पेरूवर, पाठमोरी. मॅडमनी हळूच शिटी मारली. ती वळली आणि त्यांच्या खांद्यावर जाऊन बसली.

त्यांनी तिला खाली उतरवलं नाही. तसंच माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, काय?

त्यांनी तेच पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. मी म्हणालो की शिटीला येते हे अलीकडे लक्षात आलं, कंपामुळे असावं, मी कळवणारच होतो. रागावल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. खुर्चीखालचा हातमोजा त्यांनी पाहिला. सेंटरच्या माणसाला पिंजरा पुढे आणायला सांगितला.

वीरांगनेला पकडावं लागलं नाही. मॅडमनी पिंजऱ्यात हात धरला, ती हातावर चढली, आत गेली.

गाडी गेल्यावर तुळजाबाई दुधाची किटली घेऊन फाटकात उभ्या होत्या. बऱ्याच वेळापासून असाव्यात. म्हणाल्या, बरं झालं, आता कोंबडीची पिल्लं मोकळी सोडते. दूध पातेल्यात ओतलं. मग जाता जाता, पाठ फिरवून:

"आई लई फिरली वो तिची. आमी बगत हुतो."

६ मे

खिमा शिल्लक होता. कुत्र्याला घातला.

९ मे

मॅडमचा फोन, मीच केला होता. डॉक्टरांनी तपासलं. कान उत्तम. पंख उत्तम. वजन चांगलं. उड्डाण चांगलं. जात: काळी घार.

डॉक्टर नवे असावेत. पण तब्येतीचं ऐकून बरं वाटलं. माझ्या संगोपनात काही कमी नव्हतं. मेधाला तसं कळवलं.

मॅडमना विचारलं, मग कधी सोडणार. त्या म्हणाल्या, बघतायत.

१५ मे, गुरुवार

मॅडमना फोन केला. सेंटरवाल्यांनी तिला सोडून पाहिली. दोनदा. पहिल्यांदा सेंटरमागच्या टेकडीवर. ती झाडू मारणाऱ्या बाईंच्या मागे मागे परत आली. दुसऱ्यांदा लांब नेली, दोन घारींच्या शेजारच्या झाडावर. तिकडून ती रस्त्यावर उतरली, स्कूटर थांबवून हेल्मेट काढणाऱ्या माणसासमोर. चाकाखाली येता येता वाचली.

मॅडम म्हणाल्या, आता नाही सोडता येणार. माणूस दिसला की खाली येते. मोठ्या पिंजऱ्यात राहील.

विचारलं, किती दिवस.

म्हणाल्या, घार वीस-वीस वर्षं जगते.

मी विचारलं, मार्चमध्ये सोडली असती तर. म्हणाल्या, मार्चमध्ये ती बहिरी होती ना सर.

१६ मे

केस नाही. मॅडमनी फोन करून सांगितलं. साहेबांनी फाइल पाहिली. अर्ज मी स्वतः केलेला, स्थिती बहिरी, ताबा लेखी दिलेला, त्यामुळे हेतू चांगला धरलाय. पुन्हा असं करू नका एवढी समज.

"त्या एका शब्दानं वाचलात," त्या म्हणाल्या.

सुटलो. मेधाला लगेच फोन केला. सांगितलं की केस नाही, व्हेरिफिकेशनला काही अडणार नाही, खराडीवाल्यांना पुन्हा मेल टाकतो. ती म्हणाली, बरं. मागे दिशा होती, तिला द्यायला सांगितलं. मेधा म्हणाली, ती बोलत नाहीये आत्ता. म्हटलं, अभ्यास असेल. मेधानं फोन ठेवला.

सुटलो हे बरंच झालं. दिवसभर काही केलं नाही.

१८ मे, रविवार

साहिलकडून कालच दुरुस्तीचा अर्ज टाइप करून घेतला होता. साहिलनं विचारलं काय लिहू. मी सांगितलं, जसंच्या तसं लिही: 'सदर पक्षी बहिरी नसून घार आहे.' त्यानं वाचून दाखवलं. बरोबर होतं.

सेंटरवर गेलो. रविवारी बघायला सोडतात. रेश्मा मॅडम एका घुबडाचं खोकं घेऊन आल्या होत्या, तिथेच भेटल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी उभ्यानं वाचला. घडी घालून परत दिला.

"आता कशाला," म्हणाल्या. वाईट आवाजात नाही.

पिंजरा मोठा आहे. खोलीएवढा, उंच, वर जाळी. आत आणखी घारी होत्या, एकीला पंख नव्हता, एक आंधळी. त्या एका बाजूच्या फांदीवर होत्या. वीरांगना खाली, जाळीला लागून, माणसं उभी राहतात तिकडे. मी गेलो तशी जवळ सरकली. माझ्याशेजारी एक कुटुंब होतं, ते पुढे सरकलं तशी त्यांच्याबरोबर सरकली. नंतर एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांच्याकडे. मी शिटी मारली नाही.

गर्दी ओसरली. मी थांबलो.

पिंजऱ्याच्या वर, बाहेर, घारी फिरत होत्या. एक ओरडली. वीरांगनेनं मान वर केली. जाळीतून बराच वेळ बघत राहिली. मग खाली. पुन्हा एक ओरडली. पुन्हा वर.

दर वेळी.

ऐकू येतं तिला.